मोती कुठे झोपणार?

गेल्या दोन पावसाळ्यांत आमच्या घरात सगळ्यात जास्त भांडणं झाली ती एका कुत्र्याच्या झोपायच्या जागेवरून. पैशांवरून नाही, मुलांच्या मार्कांवरून नाही. बाहेरच्या माणसाला हे हसण्यासारखं वाटेल. पण ज्या घरात पाच वेळा जानमाज अंथरली जाते, त्या घरातल्या बाईला विचारा. फरशी कोण पुसतं, चादरी कोण धुतं, आणि फजरच्या वेळी अंधारात पायाखाली काय आलं याची धास्ती कोणाला असते? पुरुष मशिदीत जाऊन स्वच्छ फरशीवर उभे राहतात. आम्ही घरात पढतो.

२०२४ चा जुलै. घोटीत आवणी जोरात चालू होती, कळसुबाई आठवडाभर ढगातून बाहेर आलेली नव्हती. माझा मुलगा तेव्हा सातवीत. भाताच्या एका गिरणीमागे तुसाच्या ढिगात एका कुत्रीने पिल्लं घातली होती. कुत्री हायवेवर ट्रकखाली गेली. मग पोरांनी पिल्लं वाटून घेतली आणि आमच्या चिरंजीवांनी त्यांच्या वाट्याचं पिल्लू शाळेच्या पांढऱ्या शर्टाच्या आत घालून घरी आणलं. पिल्लू भिजलेलं, शर्ट भिजलेला, मुलगा भिजलेला.

माझं माहेर रत्नागिरीकडचं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. सासर इथलं, हनफी. माझ्या अम्मांनी लहानपणी डोक्यात घातलेला नियम एका क्षणात जागा झाला: ओलं कुत्रं लागलं की सात पाण्यांनी धुवायचं, त्यातलं एक पाणी मातीचं. मी तो पांढरा शर्ट खरोखर सात वेळा धुतला, एकदा अंगणातली माती कालवून. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांना आम्ही सगळे अम्मी म्हणतो. त्या म्हणाल्या, "दुल्हन, तीन बार बस है. हमारे में तीन." मातीचा डाग अजून त्या शर्टावर आहे. धाकटी आता तो चित्रकलेच्या तासाला घालून जाते.

नावावरून पहिला वाद झाला. शेजारचे काका सहज म्हणाले, टिपू ठेवा. महाराष्ट्रात हजारो कुत्र्यांचं नाव टिपू असतं, ठेवणाऱ्याच्या मनात काही नसतं, हे मला माहीत आहे. काकांच्या मनात तर नव्हतंच. पण अम्मींचा चेहरा पाहून मुलानेच घाईघाईने 'मोती' म्हणून टाकलं. मराठीतही मोती, उर्दूतही मोती. दोन्ही भाषा शिकवणाऱ्या बाईच्या घरात याहून सोयीचं नाव नसतं.

नाव मिळालं, जागा मात्र मिळाली नाही. अम्मींनी सांगितलं, अंगणात ठेवा, उंबऱ्याच्या आत नको. मीही तेच म्हणाले. एक प्लास्टिकचं पिंप आडवं केलं, त्यात गोणपाट घातलं, वर पत्रा टाकला. गिरणीतल्या कण्यांचा भात आणि उरलंसुरलं कालवण. गावातली कुत्री याहून कमीत जगतात, असं आम्ही एकमेकांना सांगितलं.

इगतपुरी तालुक्याचा पाऊस ज्यांनी पाहिला नाही, त्यांना या व्यवस्थेतली खोट कळणार नाही. इगतपुरी गावात वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो. घोटीत थोडा कमी. पण जुलै-ऑगस्टमध्ये वाळत घातलेला टॉवेल चार दिवस वाळत नाही, तिथे कुत्र्याचं अंग कसं वाळणार? पिंपात वाऱ्याबरोबर पाणी यायचं. गोणपाटाला बुरशी आली. महिन्याभरात मोतीच्या पोटाखालचे केस गेले, कानात गोचीड झाले, आणि तो रात्रभर कण्हायला लागला. भुंकणं वेगळं, कण्हणं वेगळं. भुंकणाऱ्या कुत्र्यावर ओरडता येतं. कण्हणाऱ्याचं काय करायचं? पशुवैद्यांनी औषध दिलं आणि एकच वाक्य सांगितलं, अंग कोरडं ठेवा. औषध सोपं होतं. कोरडी जागा फक्त घरात होती.

अम्मींचं म्हणणं मला नीट मांडायला हवं, कारण अशा लेखांत सासूचं म्हणणं नेहमी अडाणीपणा म्हणून उडवून लावलं जातं. अम्मी अडाणी नाहीत. ज्या घरात कुत्रा असतो त्या घरात फरिश्ते येत नाहीत, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. त्यांनी ती कुणाकडून ऐकीव घेतलेली नाही, स्वतः उर्दू तर्जुमा वाचला आहे. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. अम्मींचा दिवस आता नमाज, तसबीह आणि खिडकीत बसून रस्ता बघणं एवढाच आहे. तहज्जुदला उठतात, तेव्हा घरात दुसरं कोणी जागं नसतं. त्या वेळी आपल्या खोलीत कोणीतरी येतं, असं ज्या बाईला वाटतं, तिला आपण म्हणायचं की एका कुत्र्यासाठी ते येणं बंद झालं तर काय बिघडलं? मला ते म्हणवत नव्हतं. अजूनही म्हणवत नाही.

माझे पती वेगळ्या वाटेने गेले. त्यांना कायद्याच्या पळवाटा आवडतात. शिकार, गुरंमेंढरं आणि शेती, या तीन कामांसाठी कुत्रा पाळायला हदीसमध्येच सूट आहे. बाकी कारणाने पाळला तर माणसाच्या पुण्यातून रोज थोडं कमी होतं. काही फकीहांनी घराची राखणही या सुटीत धरली आहे. पती म्हणाले, "अम्मी, अपनी दीड एकर भात की जमीन है. मोती खेती का कुत्ता है." अम्मींनी तसबीह न थांबवता उत्तर दिलं, "खेती का है तो खेत में सुलाओ."

त्यानंतर दोन दिवस घरात तो विषय निघाला नाही.

मी मात्र वाचत बसले. शिक्षकाची खोड, दुसरं काय. वाचताना लक्षात आलं की ज्याला आपण 'इस्लाममध्ये कुत्रा नापाक' असं एका वाक्यात गुंडाळतो, ते एक वाक्य नाहीच. माझ्या माहेरच्या मजहबात सगळा कुत्राच नजिस. सासरच्या मजहबात लाळ नजिस, पण कोरड्या अंगाला हात लागला तर कपडे बदलायची गरज नाही. इमाम मालिकांच्या मजहबात, जो मोरोक्कोकडे पाळला जातो, कुत्रा मुळात पाकच आहे, भांडं सात वेळा धुणं हा फक्त आज्ञापालनाचा भाग. तिघेही त्याच हदीस वाचून तीन ठिकाणी पोचलेले. बुखारीतच इब्न उमर सांगतात की पैगंबरांच्या काळात कुत्री मशिदीतून ये-जा करत आणि लोक त्यावर पाणीही शिंपडत नसत. मी हे अम्मींना सांगितलं. त्यांनी त्यांच्या मौलानांना विचारलं. खुलासा आला की तेव्हा मशिदीला दारं नव्हती. बरोबर असेल. पण दारं नव्हती तेव्हा कुत्र्याचं काय करायचं हा प्रश्न कुणाला छळत नव्हता, हेही त्यातून दिसतंच. तहानलेल्या कुत्र्याला बुटातून पाणी पाजणाऱ्याला माफी मिळाली, ही गोष्ट तर आम्ही लहान मुलांना पहिल्यांदा सांगतो आणि मग त्याच मुलांना म्हणतो, लांब हो, कुत्रं आलं.

भाषेचंही बघा. उर्दू शायरीत माशूकच्या गल्लीतला कुत्रा व्हायला प्रत्येक शायर तयार. सूफी स्वतःला पीराच्या दारातला सग म्हणवून घेतात. आणि एरवी कुत्ता म्हणजे शिवी. मराठीत तेच. खंडोबाचा वाघ्या देवाचा कुत्रा म्हणून मिरवतो, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, आणि कुत्र्याच्या मौतीने मरणं याहून वाईट मरण मराठीला ठाऊक नाही. फारसीतला हाच सग शब्द पारशांच्या सगदीदमध्ये आहे. माणूस गेल्यावर कुत्र्याची नजर त्याच्यावर पडू देण्याचा विधी. १८३२ मध्ये मुंबईत सरकारने कुत्री मारायला काढली तेव्हा पारशांनी दंगल केली होती. एकाच्या मय्यतीला कुत्रा हवा, दुसऱ्याच्या घरात नको. मधे आपण सगळे.

पण माझं मन वळलं ते किताबांनी नाही. एका पोराने वळवलं.

सहावीच्या वर्गात मराठीचा निबंध होता, माझा आवडता प्राणी. निम्म्या वर्गाने कुत्रा लिहिला, कारण 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे' हे पहिलं वाक्य सगळ्यांना येतं. वह्या तपासताना बोलता बोलता मी सांगून बसले की आमच्याकडेही मोती आहे, अंगणात बांधलेला असतो. ठाकरवाडीतून येणारा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, एकदम उभा राहिला. "बाई, तुम्ही त्याला रातीचं भाईर बांधिता? वाघ नेईल ना." आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मी विचारलं, तुमचा कुठे झोपतो? "चुलीम्होरं." आणि शेळ्या? "त्या बी घरात." वर्ग हसला. तो हसला नाही. बाईंना एवढं कसं कळत नाही, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं.

मी ते मनावर घेतलं नाही. बिबट्या जंगलात असतो, गावाच्या टोकाला का होईना आपण गावात राहतो. खरं तर मला कळायला हवं होतं. २०२० च्या ऑगस्टमध्ये इगतपुरी भागातल्या एका झोपडीत बिबट्याच्या मादीने चार पिल्लांना जन्म दिला होता, त्याचे व्हिडिओ सगळ्या देशाने पाहिले. माणसाच्या झोपडीत, जमिनीवर, चार पिल्लं. आम्हीही ते कौतुकाने एकमेकांना पाठवले होते.

दिवाळीनंतर भात कापून झाला. खाचरं मोकळी झाली. एका सकाळी शेजारच्या काकांच्या ओट्यावर साखळी पडलेली होती, तिच्या टोकाला पट्टा, आणि ओट्यापासून बांधापर्यंत ओढल्याची खूण. त्यांचा राजा आठ वर्षांचा होता. काकू बोलल्या नाहीत, त्यांनी नेहमीसारखी भाकर केली आणि ती तशीच टोपलीत राहिली. काका फक्त एवढं म्हणाले, "बांधलेला होता ना, पळायला पण मिळालं नाही." त्यांचा ओटा आणि आमचं अंगण यांत कंबरेएवढं कुंपण आहे. मोती त्या रात्री भुंकला नव्हता. पिंपाच्या अगदी तळाशी जाऊन बसला होता आणि दुपारपर्यंत बाहेर आला नाही.

नंतर मी शोधून वाचलं. कळसुबाईच्या पलीकडे अकोले तालुका आहे, आमच्यापासून डोंगर ओलांडला की झालं. तिथे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. माणसांच्या वस्तीत, ऊस आणि शेतीच्या पट्ट्यात राहणारे हे बिबटे काय खातात, हा प्रश्न होता. त्यांच्या खाण्यात वजनाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. शेळ्यांचा फक्त ११. त्या भागात शेळ्या कुत्र्यांपेक्षा सातपट होत्या तरीही. अभ्यासकांनी दिलेलं कारण मी दोनदा वाचलं. शेळ्या रात्री घरात घेतल्या जातात, कुत्री बाहेर असतात.

सहावीतल्या पोराने मला हेच सांगितलं होतं. शेळीला घरात जागा आहे, कारण शेळी विकता येते. कुत्र्याला विकता येत नाही.

म्हणजे आमचा प्रश्न 'कुत्रा आत की बाहेर' असा उरलाच नव्हता. या तालुक्यात रात्री बाहेर बांधलेला कुत्रा म्हणजे बिबट्याला वाढलेलं ताट. आणि तो कुत्रा उचलायला येणारा बिबट्या आपल्या दारापर्यंत येतो, जिथे लहान मूल लघवीला उठतं. वनखात्याची माणसंही राजाच्या वेळी हेच सांगून गेली: जनावर बंदिस्त जागेत घ्या, अंगणात दिवा ठेवा, खरकटं दारात टाकू नका.

साखळीबद्दल मला आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कुत्र्याचा वेगळा उल्लेख आहे. सतत बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणं हा मालकाचा गुन्हा आहे. अवाजवी आखूड किंवा जड साखळीने फार वेळ बांधणंही गुन्हाच. पहिल्या वेळी दंड किती, तर दहा ते पन्नास रुपये. आजही. घोटीत एका चहा-भज्याला जेवढे लागतात तेवढे. पण दंड सोडा, बांधून ठेवलेलं कुत्रं चावरं होतं हे गावात कोणालाही विचारा. येणाऱ्या-जाणाऱ्यावर झेपावतं, साखळी गळ्याला लागते, पुन्हा झेपावतं. मग आपण म्हणतो, बघा, जातच वाईट.

दुसऱ्या टोकाचंही सांगते, नाहीतर मला कुत्रीवेडी समजाल. नाशिकला माझी एक मैत्रीण फ्लॅटमध्ये हस्की पाळते. बर्फातलं कुत्रं, त्याच्यासाठी मे महिन्यात दिवसभर एसी. ते सोफ्यावर बसतं, तिच्या मुलीच्या पांघरुणात झोपतं. मला चहा दिला, त्यात पांढरा केस. मी कप हळूच खाली ठेवला. तिला वाईट वाटलं असेल, पण मला तो चहा पिववला नसता, आणि हे फक्त माझ्या मजहबामुळे नव्हे. कुत्र्याला कुत्र्यासारखं राहू न देणं हासुद्धा एक जुलूमच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या दहा बाय बाराच्या खोलीत, दिवसातून दोनदा खाली लघवीला, बाकी वेळ एकटं. त्यापेक्षा आमच्या ठाकरवाडीतला चुलीपुढचा कुत्रा श्रीमंत.

तुर्कस्तानातल्या इस्तंबूलने शेकडो वर्षं तिसरा मार्ग चालवला होता. कुत्री घरात नाहीत, पण मोहल्ल्याची. लोक घरात घेत नसत, दारात खायला घालत. १९१० मध्ये सरकारने ती हजारोंनी उचलून एका ओसाड बेटावर नेऊन टाकली. तिथे ती भुकेने आणि तहानेने मेली. २०२४ मध्ये तिकडे भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवायचा नवा कायदा झाला. आपल्याकडे नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारातून भटकी कुत्री हलवायला सांगितलं. शाळेतली बाई म्हणून मला त्यात चूक दिसत नाही. कुत्रा चावलेल्या मुलाची जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धरली आहे मी, नळाचं पाणी मधेच जाऊ नये म्हणून दुआ करत. रेबीज झाला की माणूस वाचत नाही. म्हणून मोती तीन महिन्यांचा होताच पहिली सुई दिली, आणि दर वर्षी देतो. कुत्रा आत असो की बाहेर, ही गोष्ट आधीची. ज्यांच्याकडे यासाठी वेळ नाही त्यांनी पाळूच नये.

तर आमच्याकडे काय ठरलं.

घराला पुढे पडवी आहे. जुन्या घरांना असते तशी, तीन बाजूंनी अर्धी भिंत. घरातही नाही आणि बाहेरही नाही अशी जागा. तिथे चपला, इरली-छत्र्या, भाताची पोती. पतींनी वेल्डर आणून अर्ध्या भिंतीच्या वर छतापर्यंत जाळी आणि पुढे कडीचं दार बसवलं. खर्चावरून माझं आणि त्यांचं बिनसलं, तो विषय इथे नको. आत कोरडी फरशी, एका कोपऱ्यात फळी, फळीवर पोतं. पडवीतून घरात यायला उंबरा. मोती उंबऱ्याच्या आत येत नाही. दिवसा मोकळा, रात्री जाळीत.

अम्मींना मी एकच गोष्ट विचारली. त्या दर जुम्म्याला सूरह कहफ पढतात. गुहेत झोपलेल्या त्या तरुणांची गोष्ट अठराव्या सूरहमध्ये आहे, आणि अठराव्याच आयतीत त्यांचा कुत्रा येतो. पुढचे पाय पसरून कुठे बसलेला? उंबऱ्यात. अम्मी म्हणाल्या, "मालूम है." आपल्याकडच्या गोष्टींत त्याचं नावही सांगतात, कितमीर. पुढे लोक वाद घालतात की ते तरुण तीन होते, पाच होते की सात. दर मोजणीत शेवटी कुत्राही मोजलेला आहे. मी एवढंच म्हणाले. वाद जिंकायला नव्हे. अम्मींनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "वो गुफा थी. ये घर है." मग थोड्या वेळाने, "पडवी ठीक है. रोज धोना पडेगी. तुम धोओगी."

रोज मीच धुते. शाळेत जायच्या आधी दोन बादल्या. मुलाने धुवायचं ठरलं होतं.

सगळं गोड झालं असं नाही. पतींचे एक दूरचे चाचा आता आमच्याकडे पाणी पीत नाहीत. येतात, ओट्याखाली उभे राहून बोलतात, जातात. माझ्या अम्मा रत्नागिरीहून आल्या तेव्हा त्यांनी पडवी ओलांडताना साडी गुडघ्यापर्यंत वर धरली आणि थेट न्हाणीत जाऊन पाय धुतले. सात वेळा धुतले की तीन वेळा, ते मी मोजलं नाही. धाकटीला मोती घरात हवा आहे, निदान थंडीत. मुलगा आता आठवी झाला, क्रिकेट आलं, मोतीची आठवण त्याला संध्याकाळीच येते.

सध्याचं भांडण जाळीच्या कडीवरून आहे. रात्री ती कोणी लावायची? काम मुलाचं, आणि तो दोनदा विसरला. तेव्हापासून इशाची नमाज झाली की अम्मी स्वतः बाहेर येतात. ओढणी सावरून, मोतीचं तोंड लागणार नाही एवढं अंतर ठेवून, हातातल्या काठीच्या टोकाने कडी हलवून बघतात. लागलेली असली तर आत जातात. नसली तर घरातल्या सगळ्यांना उठवतात.